कावरीला घातलेली हाक

दिंद्रुडच्या मन्मथअप्पांचं नाव आधी घेते, मग बाकीचं. आई गेली, दोन पावसाळ्यांत आबाही गेले, मेंढरं चुलत्यांच्या कळपात मिसळली आणि मी कुणाच्या दारात उभं राहावं ते कुणी ठरवेना, तेव्हा अप्पांनी वापीतल्या आपल्या भाच्याला सांगून मला कारखान्यात लावलं. एस.टी.त बसवताना माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि वर आबांची कॅसेट ठेवली. नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, दुकान अर्धं किराण्याचं आणि अर्धं कॅसेटींचं. आमच्या कळपाचा आणि त्यांच्या रानाचा संबंध होता, एवढंच. तेवढ्यावर माणूस किती करतो, हे मी त्यांच्याकडून पाहिलं. या पौषात त्यांनी आणखी एकदा केलं. त्यातून हाती काही आलं नाही, म्हणून ते कमी होत नाही.

वापीत पौष असा कळत नाही. हवा ओलीच, पंखा लागतोच, आणि सकाळी बाहेर उभं राहिलं तर धुक्याच्या जागी कारखान्यांचा आंबूस, तिखट वास. पण या दिवसांत स्टेशनच्या रस्त्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांची हातगाडी येते. मी एक जुडी घेते. घाटे सोलताना बोटांना ती आंबट ओल लागते, बोट जिभेवर जातं, आणि मग माझं काही खरं नसतं.

आबांची कॅसेट भरली त्या पौषात आमचा वाडा अप्पांच्या रानात बसला होता. आमच्यात वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, पाठीवरचा संसार आणि आम्ही, हा सगळा मिळून वाडा. कापूस निघालेल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीनं जमीन खतावते, मालक त्याबद्दल ज्वारी देतो. चारी बाजूंनी वाघर ठोकायची, म्हणजे दोरीची जाळी, आणि आत मेंढरं. पण दिवसा ती चरायला मोकळी, आणि शेजारच्याच पट्टीत ज्वारी हुरड्यात आलेली. कणसं अशी दुधाळ की वाऱ्यालाही गोड वास. आईला उजाडल्यापासून एकच धाक. मेंढरू परक्याच्या ज्वारीत शिरलं तर पुढल्या साली त्या शिवारात आम्हाला कुणी उभं करणार नव्हतं.

वाडा दिंद्रुडात असेपर्यंत मी दिंद्रुडच्या शाळेत बसायचे. मास्तर हजेरीत माझं नाव पेन्सिलीनं लिहायचे, पुसायला सोपं म्हणून. लोक विचारतात, शाळा का सोडलीस? मी सोडली नाही. कळप पुढं गेला, शाळा जागेवर राहिली. पाचवीच्या पुस्तकातला शेवटचा धडा कसला होता ते मला अजून माहीत नाही. आता मला जोडाक्षरं लिहिताना धास्ती वाटते, हे लिहितानाही वाटते आहे.

आबा बिरोबाच्या ओव्या म्हणायचे. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा गळा नाही, असं लोक म्हणत. अप्पांच्या दुकानात येणारे ट्रकवाले विचारायचे, "अप्पा, त्या धनगराची कॅसेट न्हाई का तुमच्याकडं?" नव्हती. मग अप्पांनीच शहरातल्या एका कंपनीला पत्र घातलं, आणि एक दिवस पांढऱ्या गाडीतून एक साहेब मशीन घेऊन आला.

साहेबाला ओव्या दुकानात बसून हव्या होत्या. दारं लावून. आबा म्हणाले, "बिरोबा माळावरला देव हाय सायेब. छपराखाली मी त्याला हाक मारीत न्हाई." मग रानातच घोंगड्या अंथरल्या, माईक एका काठीला बांधला. मागं झील, म्हणजे पाठची ओळ, धरणारे दोघं बसले. दुपारचं ऊन कोवळं होतं, वारा पडलेला. अप्पा दुकान बंद करून आले होते आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बाभळीच्या फांद्यांवरून कावळे हाकलले होते.

साहेब आईला म्हणाला, "बाई, आता अर्धा तास एकदम शांत हं."

"मी गप बसते सायेब," आई म्हणाली, "पर मेंढरांला तुमीच सांगा. माझं त्ये आयकत न्हाईत."

अप्पा इतके हसले की साहेबालाही हसावं लागलं.

आमच्यात देवाची ओवी एकदा उचलली की अर्ध्यात टाकत नाहीत. काहीही होवो. आणि पुरी झाली की त्या दिवशी ती पुन्हा म्हणत नाहीत. आबांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि ओवी उचलली. मी आईजवळ, जरा लांब, बांधावर. कितीतरी वेळ आई खरंच गप्प होती. तोंडात पदर धरून बसली होती. आणि मग कावरी निघाली. कावरी म्हणजे आमची एक बिथरी मेंढी. कळपाशी तिचं कधी जमलं नाही. ती सरळ ज्वारीच्या रोखानं. आईनं खडा मारला, लागला नाही. हात वर केले. कावरी आणखी पुढं. मग आई उभी राहिली, आणि तिच्या छातीत जेवढा वारा होता तेवढा सगळा बाहेर आला:

"हुर्रर्रर्र... अगं ए कावरे! मुडदा बशिवला तुझा! कुठं निघालीस गं? ये माघारी!"

झील धरणाऱ्यांचा सूर हलला. आबांचा नाही. डोळेही उघडले नाहीत त्यांनी. ओवी पुढं चालली, संपली, त्यांनी माती कपाळाला लावली. साहेब कपाळाला हात लावून बसला होता.

"बुवा, छान झालं. फक्त मधे ते... पुन्हा एकदा घेऊ."

"आता आज न्हाई."

"अहो, पण का?"

अप्पा मधे पडले. "सायेब, देव काय बहिरा हाय का, येकच गोष्ट दोनदा सांगायला?"

"मग उद्या घेऊ."

"उद्या आमचा वाडा हलतो," आबा म्हणाले, आणि वाघरीचे खुंटे बघायला उठून गेले.

अशी ती हाक कॅसेटीत राहिली.

आमच्या भागात त्या कॅसेटीनं काय केलं ते इथं वापीत कुणाला सांगून खरं वाटत नाही. तेव्हा गावोगावी टीव्हीच्या नव्या छत्र्या बसत होत्या, लोकांच्या घरात परदेशातली माणसं नाचायला लागली होती, तरी ट्रॅक्टरवर, लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीत आबा चालू. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर तर ड्रायव्हर लोक आईच्या जागेची वाट बघत बसायचे. ओवी त्या ठिकाणाशी आली की घास हातातच राहायचा, आणि सगळे मिळून ओरडायचे, "मुडदा बशिवला तुझा!" एकदा एस.टी. तिथं थांबली होती, आम्ही आत बसलेलो. ढाब्यावर तो गलका झाला. आईनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला.

"माझं मेलीचं हसं झालं सगळ्या मुलखात."

आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "देवापरीस तुझीच गिऱ्हाइकी जास्त हाय बग."

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप चढला तो उतरला नाही. आंबेजोगाईच्या दवाखान्यात नेली. तिथल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं. तिचा फोटो नाही. काढायचा राहिला असंही नाही. काढायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. कॅसेटीच्या वेष्टनावर आबा आहेत, कंपनीनं डोक्यावर ठेवलेल्या भरजरी फेट्यात, ओळखू न येणारे. आई तेवढ्या एका हाकेत आहे. म्हणजे होती.

वापीत ती कॅसेट मी जपून वाजवायचे. सणाला, किंवा सुपरवायझर फार बोलला त्या दिवशी. समुद्राकडची ही ओली हवा तिला मानवली नाही. फितीवर पांढरी बुरशी आली. आधी आबांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा झाला, मग फीत चिकटून किंचाळायला लागली, आणि एक दिवस टेपनं ती गिळली. मी पेन्सिलीनं गुंडाळून पाहिली. ती चुरगळलेली फीत हातात आली तेव्हा मला रडू आलं नाही. भीती वाटली. कशाची ते नीट सांगता येत नाही. माणूस गेल्यावर वाटते तशी नव्हे, माणूस होतं याचा पुरावा गेल्यावर वाटते तशी.

मी अप्पांना फोन केला. दिवाळीनंतर त्यांचा उलटा फोन आला, आमच्या घरमालकीण मंजूबेनच्या घरी. तिकडून अप्पा ओरडून बोलत होते. अलीकडं ते ओरडूनच बोलतात.

"गंगे! तुझ्या बापाची तबकडी निगाली बग! मोमिनाबादेत मिळाली मला." आंबेजोगाईला ते अजून मोमिनाबादच म्हणतात. "लई साफ काढलीया म्हनं. नव्या मशिनीवर. भाच्यासंगट धाडतो."

"अप्पा, कशाला एवढा तरास घेतला?"

"आँ?"

"म्हटलं, उपकार झाले!"

"गप बस."

तबकडी आली. चंदेरी, आत इंद्रधनुष्य फिरणारी. वेष्टनावर लिहिलेलं, जुनं अजरामर लोकसंगीत, नव्या शुद्ध ध्वनीत. माझ्याकडं ती वाजवायचं यंत्र नव्हतं, मंजूबेनकडं होतं. तरी मी धीर करायला बरेच दिवस घेतले. तिला आवडेल का, तिच्या यंत्राला काही झालं तर काय, तबकडीला बोट लागलं तर काय. शेवटी एका रविवारी दुपारी तिनंच हाताला धरून बसवलं.

आबा माझ्या शेजारी येऊन बसले. दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. त्यांचा श्वास ऐकू आला, ओळीच्या आधी ते आवंढा गिळायचे तो ऐकू आला. कानावर हात ठेवल्यावर त्यांचा सूर कसा जरासा वर चढतो, ते मी समोर बसून कधी ऐकलं नव्हतं इतकं स्वच्छ ऐकलं. मी मनातल्या मनात अप्पांच्या पाया पडत होते. आणि ओवी त्या जागेकडं चालली होती. मला प्रत्येक वळण पाठ. आता बिरोबा माळ ओलांडणार, आता पाणवठ्यावर थांबणार, आता...

काहीच नव्हतं. खरखर नव्हती, धक्का नव्हता. आबांची ओळ होती आणि तिच्या मागोमाग आबांची दुसरी ओळ. मधली जागा लिंपून टाकलेली, ओल्या हातानं जमीन सारवावी तशी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मेंढरंही नाहीत. बांधावरची पाखरं नाहीत. रानच नाही. ज्या माणसानं छपराखाली देवाला हाक मारली नाही, त्याला त्यांनी चार भिंतींत नेऊन बसवलं होतं.

मंजूबेन चांगली बाई आहे. ती म्हणाली, "कितना साफ है रे! तेरे पुराने वाले में तो बीच में कोई औरत चिल्लाती थी."

मी म्हटलं, "हां. चिल्लाती थी."

ज्यानं ते केलं त्याच्यावर रागावावं असं मला फार वाटलं, पण राग टिकेना. मी कारखान्यात काय करते? साच्यातून डब्याची झाकणं पडतात, त्यांच्या कडेला जास्तीचं प्लास्टिक आलेलं असतं, ते ब्लेडनं काढून झाकण गुळगुळीत करते. जास्तीचं कुठलं ते सुपरवायझर दाखवतो. त्या माणसालाही कुणीतरी दाखवलं असेल. त्यानं कानाला यंत्र लावून, डोळे ताणून, मन लावून माझी आई काढली असेल. काम चोख झालं आहे. कुठं ओरखडा नाही.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. दोनदा ओरडून सांगावं लागलं.

मग ते म्हणाले, "हाकच काढली?"

"व्हय."

"मेल्यांनी. त्येच तर गानं व्हतं." आणि मग, "थांब. माझ्याकडं जुन्या कॅसेटी लई हाईत. कुणाच्या तरी बुडाला ती असंल. रविवारी लावतो फोन."

आमच्याकडं कोरी कॅसेट कुणी विकत घेत नसे, हे इथं सांगायला हवं. घरातली जुनी उचलायची, अप्पांच्या दुकानात द्यायची, "ह्याच्यावर नवीन पिच्चरची भरा." पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटीच्या माथ्यावरचं प्लास्टिक मोडलेलं असतं, अप्पा त्या भोकावर चिकटपट्टी लावायचे आणि जुन्यावर नवं भरून द्यायचे. काटकसरीची माणसं, काटकसरीचं दुकान. आबांच्या कॅसेटी गावात पुष्कळ होत्या. त्या अशाच एकेक करून गेल्या, नव्या नट्यांच्या गाण्यांखाली. कुणी टाकून दिली नाही. कुणाकडं उरली नाही.

रविवारी दुपारी फोन आला. मंजूबेननं खुर्ची दिली, आणि दार ओढून घेतलं. तिकडं अप्पांनी टेप दुकानातल्या एस.टी.डी. फोनशेजारी ठेवला होता. त्यांना आता ऐकू फार कमी येतं, उजवा कान गेलाच, डाव्याला नुसती कुजबुज. म्हणून त्यांनी असं ठरवलं होतं की ते कॅसेट लावणार आणि रिसीव्हर टेपला धरणार, ऐकायचं मी.

"ही हाय का?"

सिनेमाचं गाणं. "न्हाई अप्पा."

"आँ?"

"न्हाईऽऽ!"

"बरं. ही?"

कुणाचं तरी लग्न. मंगलाष्टकं, आणि एक बाई सारखी म्हणते आहे, अगं पंगत बसवा, पंगत बसवा. न्हाई अप्पा. मग कीर्तन. मग एक लहान पोर कविता म्हणतं, अडतं, त्याचा बाप मागून सांगतो. मग पुन्हा सिनेमा. मधूनच तिकडं त्यांच्या मुलाचा, शिवाचा आवाज: "आवो, कावून वाजवू लालेत तो कचरा? गिऱ्हाईक उभं हाय फोनला." आणि अप्पा त्याच्यावर, "गिऱ्हाइकाला म्हणाव, मेलं न्हाई तुझं कुनी! थांब घडीभर!" शिवाला ती फळी रिकामी करून झेरॉक्सचं मशीन ठेवायचं आहे. उन्हाळ्यात सगळ्या कॅसेटी भंगारात जाणार, असं तो म्हणतो. एरवी चांगला मुलगा आहे.

आणि मग एका कॅसेटीत सिनेमाचं गाणं मधेच तुटलं. भरलेलं तेवढ्यावर संपलं होतं, आणि त्याच्यापुढं खालचं, जुनं, तसंच उरलेलं होतं.

वारा. आधी वारा आला. मग आबा.

मी ओरडले, "अप्पा, हात लावू नका! हात लावू नका!" त्यांना ऐकू जाणार नव्हतं, पण त्यांनी लावला नाही. मी रिसीव्हर कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. आबा पाणवठ्यावरून पुढं निघाले होते. म्हणजे हाकेची जागा आत्ताच गेली होती, ओळभरानं. नटीच्या शेवटच्या तानेखाली आई गेली होती. झील धरणाऱ्यांचा सूर अजून हललेला होता, सावरत होता. आणि त्या सगळ्यामागून, बारीक, एक घंटी. कावरी पळते म्हणून तिच्या एकटीच्याच गळ्यात आईनं घंटी बांधलेली. ती लांबून येत होती. जवळ येत होती. आली. थांबली.

मेंढी माघारी आली होती. हाक ऐकून आली होती. बोलावणारी तेवढी फितीत नव्हती.

मग टेपचं बटण खटकन वर आलं.

"ही हाय का?" अप्पांनी विचारलं.

काय सांगायचं? मी म्हटलं, "हाय अप्पा. थोडी हाय. तिच्यावर खूण करून ठेवा."

"मिळाली का तुझी माय?"

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं ओरडून सांगवेना. शेजारच्या खोलीत मंजूबेन होती. मी नुसती रडले. ते तरी त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. काही वेळानं ते आपणहून बोलायला लागले. पहिल्यांदाच हळू, जणू स्वतःशी:

"ह्याच्यात आमच्या घरचीबी कुठंतरी हाय. सोमवारची पूजा सांगत व्हती, मी चोरून भरलं व्हतं. नाव टाकायचं राहिलं. आता समदी लावून बघतो गं मी, पर मला कुठं कळतंय? ती आली असंल, बोलली असंल, गेली असंल. माझ्या हातात नुसती डबडी."

अव्वांना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल अप्पा माझ्याशी याआधी कधी बोलले नव्हते.

रजा मिळत नाही. मार्चपर्यंत तर नाहीच, आणि मागितली तर परत घेतील का ही धास्ती. शिवा फळी कधी रिकामी करील सांगता येत नाही. अप्पांचं वय झालं आहे. मंजूबेनचा फोन वाजला की मी हातातलं टाकून तिच्या दाराशी जाऊन उभी राहते. हे सगळं मला माहीत आहे, आणि तरी मी इथं लिहून ठेवते: अप्पा, मी येणार आहे. तुमच्या दुकानात खाली बसून एकेक कॅसेट लावीन, शेवटपर्यंत, भरलेल्याच्या खालचं उरलंसुरलंसुद्धा. अव्वा सापडल्या की त्या जे बोलल्या असतील ते शब्दाला शब्द तुमच्या डाव्या कानाशी तोंड लावून सांगीन. आवाज माझा असेल. त्याला माझा इलाज नाही. पण त्या काय म्हणाल्या, ते तुम्हाला कळेल.